कोरियामाची माती

युकारीने तांदळाच्या रिकाम्या पिशवीत आणखी दोन ओंजळी वाळू भरली, तोंड घट्ट बांधलं आणि पिशवी खड्ड्यात आडवी ठेवून वर वाळू लोटली. तळ्याकाठच्या या जमिनीत तंबूच्या खुंट्या धरत नाहीत. दोरी पिशवीला बांधायची आणि पिशवी पुरायची, म्हणजे समुद्राकडून वारा सुटला तरी तंबू जागा सोडत नाही. चैत्राली दोरीचं दुसरं टोक ताणून उभी होती.

"सोडा आता," युकारी म्हणाली.

चैत्रालीने दोरी सोडली. तंबू थोडा कण्हला आणि स्थिर झाला.

खाली पाण्याच्या कडेला सात वर्षांची मिओ कोपरापर्यंत हात घालून खड्डा खणत होती. तळ्यापलीकडे झाडांची दाट ओळ, आणि झाडांच्या डोक्यावरून दिसणाऱ्या तोत्तोरीच्या वाळूच्या टेकड्या. जपानी लोक कौतुकाने याला आपलं वाळवंट म्हणतात. सुट्टीत बसगाड्या भरून माणसं येतात, उंटावर बसून फोटो काढतात आणि परत जातात. चैत्राली मात्र या वाळूसाठीच इथे आली होती. कमी पाण्यावर येणारी पिकं अभ्यासणाऱ्या एका संस्थेत ती ज्वारीवर काम करायची. ती दहिवडीची. माणदेशात वाढलेल्या पोरीला ज्वारीवर काम करायला जपानात यावं लागलं, याचं तिच्या वडिलांना, पंढरीनाथ गुरुजींना, अजून हसू येई.

युकारी त्याच संस्थेच्या ग्रीनहाउसमध्ये बाइतो, म्हणजे तासांवरचं काम, करायची. कुंड्यांना मोजून पाणी घालणं, कणसं झोडणं, दाणे निवडणं. ती मूळची फुकुशिमातल्या कोरियामा शहराची. २०११च्या मार्चमध्ये भूकंप झाला, समुद्रकाठचं अणुवीज केंद्र फुटलं, आणि त्या उन्हाळ्यात ती मिओला पाठीशी बांधून देशाच्या या दुसऱ्या टोकाला आली. तिच्या शहराला कुणी घरं सोडायला सांगितलं नव्हतं. ती आपल्या मनाने निघाली होती. तोत्तोरीने अशा माणसांना राहायला घरं दिली. नवरा, शिगेरू, मागे राहिला. तो शहराच्या पाणीपुरवठा खात्यात होता. याला आता चार वर्षं झाली होती.

"तुमचे मिस्टर येणार होते ना?" हात झटकत युकारीने विचारलं.

"कावासाकीहून येणाऱ्या गाड्यांना आज उभं राहायलाही जागा नाही म्हणाला. शिवाय ऑफिसचं काम निघालंय."

ते खरंच होतं. पण सकाळी सौमित्रचा फोन आला तेव्हा चैत्रालीला वाईट वाटायच्या आधी हलकं वाटलं होतं. ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

ओबोनचे दिवस होते. या दिवसांत सगळा जपान आपापल्या गावी जातो, घरच्या पूर्वजांच्या थडग्यांवर पाणी घालतो. शिगेरू उलट्या दिशेने येत होता. त्याची करडी गाडी झाडांखालून आत वळली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तो रात्रीच निघाला असावा. उतरल्यावर काही क्षण दाराला धरून नुसता उभा राहिला. पन्नाशीच्या अलीकडचा, खांद्यात वाकलेला माणूस. मिओ धावत गेली, पण त्याच्यापासून दोन पावलांवर थांबली. मग त्यानेच खाली बसून तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मिओ भराभर काही तरी बोलली. शिगेरूने कान पुढे केला.

"काय म्हणालीस, बाळा?"

पोरगी इथल्या शाळेत शिकली होती, इथल्या पोरांसारखे हेल काढून बोलायची. बापाला एकेक वाक्य दोनदा ऐकावं लागत होतं.

त्याने गाडीतून खोका काढून युकारीपुढे धरला. आत कागदात गुंडाळलेले पीच होते.

"वाटेत घेतले. ओकायामाचे आहेत," तो घाईने म्हणाला.

युकारीने मान लववून खोका घेतला. चैत्राली दुसरीकडे बघू लागली. फुकुशिमातले पीच देशभर नावाजलेले. कोरियामाच्या आसपास ऑगस्टमध्ये रस्त्यारस्त्याला त्यांची दुकानं लागतात. तो माणूस ती सगळी मागे टाकून आला होता.

तांदूळ धुवायला दोघी नळावर गेल्या. युकारी पाणी बदलत राहिली. पहिलं, दुसरं, तिसरं. तांदूळ केव्हाच स्वच्छ झाला होता.

"चैत्राली-सान, एक मागू?"

"मागा ना."

"हे तुम्हाला मातीबद्दल विचारतील. घरच्या. तुम्ही तिकडे मोजणीला गेला होतात, हे मीच कधी तरी त्यांना सांगितलं होतं. ते विचारतील, तेव्हा एवढंच म्हणा, की अजून थोडी वर्षं जाऊ द्यावीत."

"मोजल्याशिवाय मी कसं सांगू?"

"म्हणूनच आत्ता सांगतेय. मोजायच्या आधी." युकारीने पातेलं उचललं. "सरकार दीड वर्षाने ही घरं बंद करणार आहे. तोवर मला काही तरी म्हणायला हवं."

चैत्रालीने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तिने पातेल्याचा दुसरा कान धरला.

मोजणीला ती गेली होती, हे खरं. भूकंप झाला तेव्हा ती त्सुकुबाला पीएचडी करत होती. ओळखीतली बहुतेक भारतीय मंडळी मिळेल त्या विमानाने परतली. तीही दोन महिने दहिवडीला जाऊन आली, आणि आल्यावर प्रोफेसरांच्या गटाबरोबर मातीतला किरणोत्सर्ग मोजायला फुकुशिमातल्या गावांमधून नमुने गोळा करत हिंडली. एका घरी एका आजीने विचारलं होतं, नातवाला अंगणात सोडू का? चैत्रालीने तिला आकडा सांगितला. आकडा वाईट नव्हता. आजीने कमरेत वाकून आभार मानले, आत गेली आणि दार लावून घेतलं. काचेमागे नातू उभा होता. आकडा सांगून झाल्यावर आपण नेमकं काय केलं, हे चैत्रालीला त्या दिवसापासून कळेनासं झालं होतं.

शेगडीवर भाताचं भांडं चढलं तेव्हा शिगेरू तिच्याजवळ आला. "जरा चालाल?" एवढंच म्हणाला. दोघं काठाने थोडं पुढे गेले. त्याच्या हातात झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा होता, लहान मुलं किडे पाळायला घेतात तसला. आत काळपट माती होती.

"अंगणातली आहे," तो म्हणाला. "शहराच्या लोकांनी वरचा थर काढून नेला. नंतर मी पुन्हा काढला. रविवारी रविवारी. कुंपणाकडचा, नळाखालचा, पन्हळीचं पाणी पडतं तिथला. यंदा टोमॅटो लावलेत."

"आले?"

"आले. आई खाते. मी खातो." तो थांबला. "तुम्ही ही मोजून द्याल?"

"प्रयोगशाळा उघडली की मोजेन. तुम्हाला कळवते."

"मला नका कळवू. मला ठाऊक आहे. आमच्याकडेही मोजून देतात." त्याने डबा तिच्या हातात दिला. "तिला सांगा. आमच्याकडच्या कुणाचं तिला पटत नाही. माझ्या आईने तिला पळून गेलेली म्हटलं, ते तिच्या मनातून जात नाही. तुमचं ती ऐकेल. तुम्ही बाहेरच्या आहात."

चैत्राली डब्याकडे बघत राहिली. ती माती तिच्या गावाकडच्या मातीसारखीच काळी होती. वजनाला थोडी जास्त.

"तुम्ही का नाही आलात इकडे?" तिला विचारायचं नव्हतं, पण ती विचारून बसली.

"शहरभर पाण्याच्या वाहिन्या फुटल्या होत्या. आम्ही टँकरने पाणी वाटत होतो." शिगेरूने तळ्याकडे पाहिलं. "त्या दिवसांत मी गेलो असतो, तर पुढे त्या शहरात तोंड दाखवता आलं नसतं. आणि नंतर, त्या दिवसांत गेलो नाही म्हणून, पुढेही जाता आलं नाही. असं काही तरी आहे. नीट सांगता येत नाही."

जेवण झालं. खोक्यातल्या मसाल्याची करी आणि भात, कॅम्पला सगळे करतात तशी. मिओने दोनदा वाढून घेतली आणि चैत्रालीच्या करीपेक्षा ही कमी तिखट आहे म्हणून समाधान व्यक्त केलं. शिगेरू हसला. युकारीही हसली. सूर्य झाडांमागे गेला होता, पण तळ्यावर अजून उजेड होता. चैत्राली भांडी घासायला गेली. डबा तिने आपल्या तंबूच्या दाराशी, बुटांच्या शेजारी ठेवला होता. आत ठेवायला हवा होता, हे तिला नंतर सुचलं.

"बाबा! भुंगा आणलात तुम्ही!"

मिओचा आवाज इतका आनंदाचा होता की पहिल्यांदा कुणाच्याच काही लक्षात आलं नाही. ऑगस्टमध्ये जपानी पोरं शिंगवाले भुंगे पाळतात, असल्याच डब्यात, असल्याच मातीत. वर्गातल्या मुलांकडे होते. मिओने झाकण उघडून दोन्ही हात आत घातले होते आणि ती मातीत चाचपून शोधत होती.

युकारी तीरासारखी गेली. तिने मिओला दंडाला धरून उचललं. डबा कलंडला. पोरीला ओढतच ती पाण्यात घेऊन गेली, गुडघाभर पाण्यात, कपड्यांसकट, आणि तिचे हात घासू लागली. बोटं, नखं, मनगटं, कोपर. तळची वाळू घेऊन घासत राहिली. मिओ आधी घाबरून गप्प होती. मग रडू लागली.

"दुखतंय, आई! दुखतंय!"

शिगेरू बुटांसकट पाण्यात उतरला. त्याने युकारीच्या हातातून मिओला सोडवलं आणि उचलून काठावर आणलं. चैत्रालीने टॉवेल पुढे केला. पोरीचे हात लाल झाले होते. चैत्रालीने तिला कुशीत घेऊन टॉवेलात गुंडाळलं आणि तिथेच बसून राहिली; उठून कुठे जावं हे तिला कळेना.

"ती माती स्वच्छ आहे," शिगेरू म्हणाला. आवाज चढलेला नव्हता.

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे?"

"गेल्या वर्षापासून ठाऊक आहे. मीही वाचते. आपल्या गल्लीचे आकडे दर महिन्याला बघते." युकारी अजून पाण्यातच उभी होती. "मातीचं काही नाही रे."

"मग कशाचं?"

 ती पाण्यातून बाहेर आली, काठावर बसली, स्कर्टची कड पिळली.

"तू फोन केला होतास," ती म्हणाली. "चौथ्या दिवशी. शाळेच्या मैदानावर टँकर येतोय, भांडी घेऊन ये म्हणालास. मी मिओला पाठीशी घेऊन गेले. रांग फाटकाच्या बाहेर गेली होती. बर्फ आणि पाऊस एकत्र पडत होता. छत्री धरायला हात मोकळा नव्हता. मिओ वर तोंड करून बर्फ खात होती. मी हसले तिला. खा म्हणाले."

शिगेरू वाळूत बसला.

"आमचा नंबर यायला किती तरी वेळ लागला. तू टँकरवर होतास. तू आम्हाला पाहिलंस. मला माहीत आहे, पाहिलंस. आणि बघितलं नाही असं करून पुढच्या माणसाच्या भांड्यात पाणी सोडलंस."

"सगळेच उभे होते, युकारी. म्हातारी माणसं होती. मी माझ्या बायकोला पुढे बोलावलं असतं तर..."

"तर लोकांनी काय म्हटलं असतं. माहीत आहे. तुझं बरोबर होतं. तेव्हाही बरोबर होतं, आजही आहे. आभाळातून काय पडत होतं हे तुलाही माहीत नव्हतं, कुणालाच नव्हतं." तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "तू चुकला असतास तर मी केव्हाच परत आले असते रे. माफ करून टाकलं असतं. तू बरोबर होतास, त्याचं मी काय करू?"

पलीकडच्या काठावर कुणी तरी कुत्र्याला हाका मारत होतं. हाका थांबल्या. मग शिगेरू उठला. कलंडलेल्या डब्याशी जाऊन गुडघे टेकून बसला आणि सांडलेली माती हातांनी गोळा करू लागला. पांढुरक्या वाळूवर ती काळी माती स्पष्ट दिसत होती, पण हातात घेताना वाळूही येत होती. तो निवडायचा प्रयत्न करत राहिला. चैत्रालीला वाटलं, आपण जाऊन मदत करावी. मिओ तिच्या कुशीत झोपत चालली होती. ती हलली नाही.

सकाळी वारा पडलेला होता. चैत्राली उठून बाहेर आली तेव्हा युकारी एकटीच शेगडीशी बसून चहासाठी पाणी तापवत होती. शिगेरू आणि मिओ दूरवर, काठाने चालत होते. मध्ये थोडं अंतर होतं. मिओ काही तरी दाखवत होती आणि बाप वाकून बघत होता.

"काल नळावर मी जे मागितलं," युकारी म्हणाली, "ते राहू द्या."

"बरं."

"माती मोजा तुम्ही. जो आकडा येईल तो मला सांगा."

"सांगेन." चैत्राली तिच्याशेजारी बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "नाही तर नाही मोजत. तुम्ही म्हणाल तसं."

युकारीने मान हलवली. "मोजा. त्यांनी इतक्या लांबून आणलीय."

तिने खोक्यातला एक पीच सोलला, चार फोडी केल्या आणि बशीत ठेवल्या. बापलेक परत आल्यावर मिओने दोन खाल्ल्या. शिगेरूने एकही घेतली नाही. राहिलेल्या दोन युकारीने न बोलता त्याच्यापुढे सरकवल्या, तेव्हा मात्र त्याने खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी त्याला कामावर हजर व्हायचं होतं. ऊन तापायच्या आत निघायला हवं होतं. त्याने ओले बूट पिशवीत घातले आणि चपला पायात सरकवल्या. चैत्रालीपुढे येऊन वाकला.

"त्रास दिला तुम्हाला. मिओला सांभाळलंत काल."

"सांभाळून चालवा," चैत्राली म्हणाली. आणखी काही बोलावं असं तिला वाटत होतं, पण ज्या भाषेत ते बोलता आलं असतं ती त्याला येत नव्हती.

युकारी गाडीपासून जरा लांब, हात एकमेकांत धरून उभी होती. शिगेरूने तिच्याकडे पाहून मान लववली. तिनेही लववली. तो आत बसला, काच खाली केली. मिओ खिडकीशी गेली आणि हात हलवत मोठ्याने म्हणाली,

"माता किते ने!"

परत या हं. चैत्राली इतक्या वर्षांत हे शेकडो वेळा ऐकत आली होती. प्रोफेसरांच्या घरून निघताना, शेजारणीकडे चहा पिऊन उठताना, गावच्या जत्रेतून परतताना. दारापर्यंत येऊन पाहुण्याला म्हणतात ते हे शब्द. घरच्या माणसाला ते म्हणत नाहीत. घरचं माणूस बाहेर पडतं तेव्हा त्याला म्हणायचा शब्द वेगळा आहे.

शिगेरूचा किल्लीवरचा हात क्षणभर तसाच राहिला. मग तो हसला.

"हो. येईन," म्हणाला, आणि त्याने गाडी सुरू केली.

गाडी झाडांखालून रस्त्याकडे निघाली.

"मिओ," युकारी म्हणाली, "बाबांना असं नाही म्हणायचं."

"मग काय म्हणायचं?"

युकारीचे ओठ हलले. 

"इत्तेराश्शाई."

जाऊन ये. मिओने कपाळाला आठी घातली.

"पण ते तर तू मला म्हणतेस. शाळेत जाताना. घरातून बाहेर जाताना म्हणतात ते." तिने रस्त्याकडे बोट दाखवलं. "बाबा तर घरी चाललेत."

 युकारी लेकीच्या बोटाच्या दिशेने बघत होती. पुढे रस्ता अरुंद होऊन वळत होता आणि समोरून पर्यटकांची पहिली बस येत होती. बसला वाट द्यायला करडी गाडी कडेला घेऊन थांबली. बस मोठी होती. ड्रायव्हर बेताबेताने ती पुढे काढत होता.

युकारी चालू लागली. आधी हळू, काही विसरलेलं आठवल्यासारखी. मग भराभर. वाळूत तिच्या चपला रुतायला लागल्या, तशी तिने त्या तिथेच सोडल्या.

"आई कुठे चालली?" मिओने विचारलं.

चैत्रालीने तिचा हात हातात घेतला. बस अजून पुरती पुढे निघाली नव्हती.